बाळकराम ऊर्फ राम गणेश गडकरी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रायपूरला घरी गेलो, तेव्हा आजोबांचे वाचन पूर्ण बंद झाले होते. काचबिंदूमुळे त्यांना आता अक्षरे दिसत नाहीत. आमचे घर सदर बाजारात, सराफांच्या दुकानांमागच्या गल्लीत. दिवाळीत तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण आजोबा खिडकीपाशी नुसते बसून असत. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांनी आजीकडे देऊन टाकली होती.

मी त्यांच्या मोबाइलवर मराठी पुस्तकांची ध्वनिमुद्रणे शोधू लागलो. फुकट ऐकायला मिळणाऱ्यांत एक नाव दिसले, ‘लग्नाच्या मोहिमेची पूर्वतयारी’. मोहीम म्हटल्यावर मला ती युद्धकथाच वाटली. निघाली मुलीसाठी नवरा शोधण्याची मोहीम! पाच मिनिटांत आजोबा डोळे पुसत हसू लागले. मला मात्र निम्मे विनोद कळलेच नाहीत. बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी, शाळेत इंग्रजी; माझी मराठी घरात बोलण्यापुरतीच. मग आजोबांनी आधी लेखकाची गोष्ट सांगितली. शाळेत परतल्यावर ग्रंथालयात वाचून ती मी पुरी केली.

बाळकराम हे टोपणनाव. खरे नाव राम गणेश गडकरी. त्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातमधील नवसारी येथे झाला. बालपण गुजरातेत गेल्यामुळे त्यांचे सुरुवातीचे शिक्षण गुजरातीत झाले. हे ऐकून मला फार बरे वाटले. ज्यांना मराठी भाषेचे जादूगार म्हणतात, त्यांच्याही कानावर लहानपणी घराबाहेर दुसरीच भाषा होती.

वडील लवकर वारले आणि घरची परिस्थिती बेताची झाली. कुटुंब कर्जतला आले. पुढे गडकरी शिक्षणासाठी पुण्यात राहिले आणि फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. पण पहिल्याच वर्षाच्या परीक्षेत नापास झाले आणि त्यांनी कॉलेज सोडले. नाटकाचे वेड मात्र सुटले नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीत ते नाटकात कामे करणाऱ्या मुलांना शिकवू लागले. स्वतः कॉलेजात नापास झालेला तरुण तिथे मास्तर झाला. नाटक कसे उभे राहते, प्रेक्षक कुठे हसतात आणि कुठे कंटाळतात, हे त्यांनी तिथे अगदी जवळून पाहिले.

मराठी विनोदी लेखनाची वाट त्यांच्या आधी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून पाडली होती. गडकरी त्यांना गुरू मानत. गुरूंचा सुदामा होता, तर शिष्याने बाळकराम उभा केला. शिवाय कविता ते ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहीत आणि नाटके स्वतःच्या नावाने. एकाच माणसाच्या तीन तुकड्या, आणि तिन्ही आघाडीवर! त्यांच्या कवितांचा संग्रह ‘वाग्वैजयंती’ आणि विनोदी लेखांचा ‘संपूर्ण बाळकराम’.

बाळकरामचा विनोद कुणाला पडल्याचे पाहून हसण्यातला नाही. त्या काळी मुलीचे लग्न जमवताना बापाला दारोदार हिंडावे लागे, हुंड्यासाठी मान खाली घालावी लागे. गडकऱ्यांनी त्या धावपळीला मोहिमेचा थाट दिला. आपण हसतो आणि हसता हसता त्या बापाची दशा लक्षात येते. मला हे आजोबांनी मुद्रण थांबवून समजावले, तेव्हा कळले.

नाटकांतही तेच. ‘प्रेमसंन्यास’मधल्या विसरभोळ्या गोकुळला लोक अजून विसरलेले नाहीत. ‘एकच प्याला’ ही दारूने उद्ध्वस्त झालेल्या सुधाकर आणि सिंधू यांच्या संसाराची गोष्ट. त्यात तळीराम आणि त्याचे दारुडे सोबती चक्क एक मंडळ काढतात आणि पिण्याच्या बाजूने गंभीरपणे भाषणे ठोकतात. प्रेक्षागृह हसत असते आणि रंगमंचावर एक घर बुडत असते.

हे सगळे लिहिताना गडकऱ्यांची प्रकृती मात्र ढासळत होती. त्यांना क्षयरोग झाला. त्या काळी या रोगावर औषध नव्हते; परिणामकारक औषध यायला आणखी पंचवीसेक वर्षे जायची होती. शेवटी ते नागपूरजवळच्या सावनेर या गावी भावाकडे येऊन राहिले. तेव्हा सावनेर आणि आमचे रायपूर एकाच मध्यप्रांतात होते. आजोबा हे सांगताना गडकरी आपल्याच मुलखात गेले असे म्हणतात.

सावनेरला ते ‘भावबंधन’ हे नाटक लिहीत होते. अंगात ताकद उरली नव्हती, पण नाटक अर्धवट टाकायचे नव्हते. अंथरुणावरून त्यांनी ते पुरे केले. त्यानंतर लगेचच, २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले. ‘एकच प्याला’ आणि ‘भावबंधन’ या दोन्ही नाटकांचे प्रयोग त्यांच्या मागे झाले. लोकांचे ते हसणे आणि टाळ्या त्यांनी ऐकल्याच नाहीत. ‘राजसंन्यास’ आणि ‘वेड्यांचा बाजार’ अपुरीच राहिली.

ही पुस्तके फुकट कशी मिळतात, असा प्रश्न मला पडला होता. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो. मग ते कुणीही छापावे, कुणीही वाचून मुद्रित करावे. म्हणजे गडकऱ्यांचे लेखन आता सगळ्यांचे आहे. जितके ग्रंथालयाचे, तितकेच सदर बाजारातल्या एका खिडकीचेही.

सुट्टी संपत आली तरी बाळकरामचा एक लेख आम्हाला ऐकायला सापडला नाही. आजोबांनी आजीकडून किल्ली मागून घेतली, पुस्तक काढायला लावले आणि मला वाचायला बसवले. पहिल्या पानावर त्यांनी मला अकरा वेळा थांबवले. माझा ‘च’ आणि ‘ज’ प्रत्येक ठिकाणी हिंदीसारखाच येत होता. माझी गडबड झाली की विनोद वाया जाई आणि आजोबा पुन्हा म्हणायला लावत. तीन संध्याकाळी लागल्या. चौथ्या संध्याकाळी त्यांनी एकदाही थांबवले नाही. एका ठिकाणी ते हसले, आणि ते हसू मुद्रणात आले आहे. मी ते पुसले नाही.

इथे वसतिगृहात मोबाइल चालत नाही. रविवारी घरी फोन करायची मुभा असते, तेव्हा आजी सांगते की आजोबा तो लेख रोज दुपारी लावतात. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी त्यांनी पुढचा लेख निवडून ठेवला आहे. तो पहिल्यापेक्षा लांब आहे. मी रात्री दिवे मालवण्यापूर्वी रोज एक पान मोठ्याने वाचतो. खोलीतले बाकीचे कॅडेट आधी वैतागले होते. आता पुढे काय झाले, ते विचारतात.