टिळकांची गणितातली एम.ए. राहून गेली, पण त्याच गणिताने पुढे पंचांग हलवलं

कोकणात आणि पुण्यात अशी काही घरं आहेत, जिथे अधिक महिन्याच्या एखाद्या वर्षी गणपती शेजाऱ्यांपेक्षा महिनाभर आधी येतात. कारण विचारलं तर कळतं की हे लोक टिळक पंचांग मानतात.

हे टिळक म्हणजे लोकमान्यच. आणि या पंचांगाचं मूळ आहे त्यांच्या गणितात.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीतला. वडील गंगाधरपंत शिक्षक, त्यामुळे संस्कृत आणि गणित घरातच मिळालं. १८७२ मध्ये वडील गेले, तेव्हा टिळक १६ वर्षांचे होते.

पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तिथे गणित शिकवायला होते केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. गणित आणि खगोलशास्त्रातलं त्या काळचं मोठं नाव. टिळक बी.ए. झाले ते गणित घेऊन, पहिल्या वर्गात. एम.ए.लाही त्यांनी गणितच घेतलं.

पण ती पदवी काही हाती आली नाही. ते कायद्याकडे वळले आणि १८७९ मध्ये एलएल.बी. झाले.

आता वकिली करून पैसा कमावता आला असता. पण १८८० मध्ये चिपळूणकरांसोबत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि टिळक मास्तर झाले. १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज निघालं, तिथे ते गणित शिकवू लागले. १८९० मध्ये सहकाऱ्यांशी मतभेद झाले. टिळकांनी राजीनामा दिला आणि वर्गातलं गणित सुटलं.

डोक्यातलं मात्र सुटलं नाही.

१८९३ मध्ये त्यांचं 'ओरायन' आलं. विषय होता वेदांचा काळ. वसंत संपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा, तारामंडळात हळूहळू मागे सरकते. एक अंश सरकायला साधारण ७२ वर्षं लागतात. एका नक्षत्राचे १३ अंश २० कला, म्हणजे एक नक्षत्र ओलांडायला सुमारे ९६० वर्षं. वैदिक वाङ्मयात संपात मृग नक्षत्रात असल्याच्या खुणा आहेत, असं टिळकांनी मांडलं आणि त्यावरून मागे हिशेब करत ते इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपास पोहोचले.

हा काळ बहुतेक अभ्यासकांना मान्य झाला नाही. पण पुस्तकाची दखल युरोपात घेतली गेली. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी अर्ज करणाऱ्यांमध्ये मॅक्स म्युलर हे नामवंत संस्कृत पंडितही होते.

दुसरं काम पंचांगाचं. जुन्या पंचांगांचं गणित शेकडो वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर चालायचं. त्यामुळे कागदावरचा ग्रह एकीकडे आणि आकाशातला दुसरीकडे. केरूनानांनी ही दुरुस्ती आधीच हाती घेतली होती, शिष्याने ती पुढे नेली. १९०४ मध्ये मुंबईत आणि नंतर सांगलीत यासाठी परिषदा झाल्या. जे डोळ्यांना दिसतं, त्याच्याशी पंचांग जुळलं पाहिजे, हा टिळकांचा आग्रह होता. सगळ्यांनी तो मानला नाही, म्हणून आजही दोन पंचांगं आणि दोन गणपती.

स्वराज्य मिळाल्यावर काय करणार, असं विचारलं की आपण गणित शिकवायला जाऊ असं टिळक सांगायचे, अशी आठवण सांगितली जाते. १ ऑगस्ट १९२० ला ते गेले. स्वराज्य यायला अजून २७ वर्षं होती.