डॉ. राजा रामण्णा : इंदूरच्या त्वरक केंद्राचे शिल्पकार

डॉ. राजा रामण्णा यांचे नाव १९७४ च्या पोखरण अणुचाचणीशी जोडले गेले. त्यांच्या कार्याची दुसरी बाजू इंदूरमध्ये दिसते. २८ जानेवारी १९२५ रोजी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात जन्मलेल्या रामण्णांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजातून डॉक्टरेट मिळवली. कोलकात्याचे सायक्लोट्रॉन त्यांच्या पुढाकाराने देशातच घडले. ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना, १९८४ मध्ये, इंदूरला लेसर आणि कणांना वेग देणाऱ्या त्वरक यंत्रांसाठी स्वतंत्र केंद्राची पायाभरणी झाली. इंडस-१ व इंडस-२ हे त्वरक तेथेच उभे राहिले.

कर्करोगावरील प्रोटॉन उपचार याच विद्येवर आधारलेला आहे. प्रोटॉन आपली बहुतेक ऊर्जा ठरावीक खोलीवर सोडून थांबतात. त्यामुळे कवटीच्या तळाशी होणाऱ्या कॉर्डोमासारख्या दुर्मीळ गाठींवर मारा करताना मेंदूचे मूळ व दृष्टीची नस जपता येते. गोव्यातील अनेक कर्करुग्ण ज्या टाटा इस्पितळाचा आधार घेतात, त्याच संस्थेच्या खारघर केंद्रात हा उपचार मिळतो. तेथील यंत्रणा मात्र बेल्जियमहून आणावी लागली.

२४ सप्टेंबर २००४ रोजी रामण्णा मुंबईत निवर्तले. पुढच्याच वर्षी इंदूरच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. रुग्णांसाठी स्वदेशी प्रोटॉन यंत्र उभारण्याचे काम पुढच्या पिढीकडे आहे.