कै. डॉ. कमलाबाई सोहोनी : अन्नविद्येच्या एक निष्ठावंत उपासिका

स्मरणिकेच्या पानांत थोरांचे चरित्र देण्याचा प्रघात जुना आहे. यंदा आम्ही ज्या विदुषीचा परिचय करून देत आहो, त्या आपल्या ज्ञातीतील नव्हेत. हिंगोलीशीही त्यांचा जन्मसंबंध नाही. परंतु त्यांनी आयुष्यभर जोपासलेला विषय आपल्या प्रत्येक घराच्या चुलीपर्यंत आणि वयात येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या ताटापर्यंत पोहोचतो, म्हणून हा प्रपंच.

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ; वडील भगिनी म्हणजे सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत. घरातच विद्येचे वातावरण असल्यामुळे कमलाबाईंनी रसायनशास्त्र हा विषय निवडावा यात नवल नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूर येथील विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला. गुणवत्तेत त्या कोठेही उण्या नव्हत्या; परंतु संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, केवळ स्त्री म्हणून, प्रवेश नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाचा निर्धार केला, तेव्हा एका वर्षाच्या परीक्षाकालाची अट घालून त्यांना घेण्यात आले. अपमान गिळून त्यांनी श्री. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला, आणि १९३६ साली सन्मानपूर्वक पदव्युत्तर पदवी मिळविली. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले व पुढे संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही उघडले. एका मुलीचा निग्रह अनेकींच्या उपयोगी पडतो तो असा.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत श्वसनकार्य करणाऱ्या ‘सायटोक्रोम सी’ या द्रव्याचा शोध त्यांनी बटाट्यावरील प्रयोगांतून लावला, आणि अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर १९३९ साली डॉक्टरेट संपादन केली. विज्ञानशाखेत हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. परदेशी राहण्याचा मोह न धरता त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय व कुन्नूरची पोषण-प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले; १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञानसंस्थेत प्राध्यापक झाल्या. तेथील संचालकपद मात्र त्यांना बऱ्याच विलंबाने लाभले.

मुंबईत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी निवडलेले विषय गरिबाच्या अन्नाचे होते. कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारी द्रव्ये असतात, त्यांचा त्यांनी कसोशीने अभ्यास केला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा, म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडांचा न आंबलेला रस, तपासली. तीत जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांना आढळले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुली व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केला असता त्यांची प्रकृती सुधारली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पुढे ग्राहक-चळवळीत पडून त्यांनी अन्नातील भेसळीविरुद्ध लोकजागृती केली. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

आता आपल्या घराकडे पाहू. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव व औंढा या पाचही तालुक्यांत तूर, मूग, उडीद, हरभरा, ज्वारी पिकते. अन्नाची वाण नाही. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत देशातील पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलींपैकी शंभरात सुमारे एकोणसाठ जणी रक्तक्षयाने पीडित आढळल्या. या वयात शरीराची वाढ झपाट्याने होते व मासिक पाळीत लोह खर्ची पडते. नेमक्या त्याच वेळी आपल्या पद्धतीने मुलगी सर्वांमागून जेवते व उरलेसुरले खाते. उद्या तीच माता होणार. तिची उणीव बालकाच्याही वाट्यास येते.

उपाय खर्चाचे नाहीत. मोड आलेली मटकी वा मूग नीट शिजवून द्यावेत, म्हणजे पचनास बाधक द्रव्यांचा जोर बराच ओसरतो. वरणाभाजीवर लिंबू पिळावे, त्यायोगे लोह अंगी लागते. जेवणालगतचा चहा टाळावा, कारण तो त्यास आडवा येतो. पालेभाजी, तीळ, शेंगदाणे मुलीच्या ताटात नित्य असावेत. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या घेण्यास तिला संकोच वाटू देऊ नये. अठराव्या वर्षापूर्वी विवाहाचा विचारही मनात आणू नये.

आमची ज्ञातिभगिनींस व बांधवांस एवढीच विनंती की, मुलीस भावाच्या पंक्तीस बसवावे आणि त्याच्याइतकेच वाढावे. कमलाबाईंनी प्रयोगशाळेचे दार उघडून घेतले. आपणास केवळ स्वयंपाकघरातील पंक्तीचा क्रम बदलावयाचा आहे. तेवढे झाले तर या थोर विदुषीचे स्मरण आम्ही सार्थ समजू.