किइचिरो टोयोडा : नंबर वनच्या आधीची गोष्ट

'जस्ट इन टाइम'ची व्याख्या आपण सगळेच परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो. लागेल तो पार्ट, लागेल तेव्हा, लागेल तेवढाच. पाच मार्क पक्के! पण ही कल्पना ज्याने कारखान्यात पहिल्यांदा राबवायला घेतली, तो आपल्यासारखाच मेकॅनिकलचा पदवीधर होता आणि स्वतःच्याच कंपनीतून त्याला राजीनामा देऊन बाहेर पडावं लागलं, हे पुस्तकात नसतं. त्याचं नाव किइचिरो टोयोडा.

किइचिरोचा जन्म ११ जून १८९४ चा. वडील साकिची हे जपानमधले मोठे संशोधक, मागाच्या यंत्रांत आयुष्य घालवलेले. धागा तुटला की माग आपोआप थांबला पाहिजे, म्हणजे खराब कापड निघणारच नाही, हा त्यांचा विचार. मुलगा १९२० मध्ये टोकियोच्या इम्पीरियल युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि वडिलांच्याच धंद्यात शिरला. १९२४ मध्ये त्यांचा 'टाइप जी' स्वयंचलित माग तयार झाला. चालू असतानाच धोटा बदलणारा! १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे पेटंट हक्क घेतले. करार ठरला एक लाख पौंडांचा.

म्हणजे घरचा धंदा जोरात होता. गप्प बसून खाल्लं असतं तरी चाललं असतं. पण किइचिरोच्या डोक्यात मोटारीचं वेड शिरलं होतं.

आता त्या वेळचा जपानी बाजार बघा. १९२३ च्या भूकंपात टोकियोची ट्राम बंद पडली, तेव्हा अमेरिकेहून फोर्डच्या चॅसी मागवून त्यावर बस बांधल्या गेल्या. मोटार किती कामाची आहे हे लोकांना कळलं, आणि इथे गिऱ्हाईक आहे हे अमेरिकेला कळलं. फोर्डने १९२५ मध्ये योकोहामात, तर जनरल मोटर्सने १९२७ मध्ये ओसाकात असेंब्ली सुरू केली. सुटे भाग जहाजाने यायचे, इथे जोडले जायचे. बाजाराचा बहुतेक सगळा हिस्सा या दोघांच्या खिशात! त्यांच्यासमोर मागवाल्याने उभं राहायचं म्हणजे गल्लीतल्या टीमने थेट वर्ल्ड कप टीमला मॅच लावण्यासारखं.

तरीही १९३३ मध्ये किइचिरोने मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग उघडला. शेव्हरोलेची गाडी आणून सगळी खोलली, एकेक पार्ट मोजला, ड्रॉइंग काढली. आज आपण याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतो. खरी परीक्षा होती सिलिंडर ब्लॉकच्या कास्टिंगमध्ये. ड्रॉइंग कॉपी होतं हो, फाउंड्रीतला हात कॉपी होत नाही! वाया गेलेल्या ब्लॉकचा ढीग लागला. १९३५ मध्ये 'जी-वन' ट्रक बाजारात आला, तो रस्त्यात सारखा बंद पडायचा. तोटा सोसून किंमत अमेरिकन ट्रकपेक्षा कमी ठेवली आणि बिघडलेल्या गाड्यांच्या दुरुस्तीला माणसं धाडली. विक्रीसाठी शोतारो कामिया हा माणूस आणला, तोही जनरल मोटर्सच्या जपानी कंपनीतून.

हेही सांगायला हवं, की नुसत्या जिद्दीवर हा सामना सुटला नाही. १९३६ मध्ये जपान सरकारने मोटार उद्योगाचा कायदा करून परदेशी कंपन्यांचे हातपाय बांधले. १९३९ पर्यंत फोर्ड आणि जीएम दोघांचंही जपानमधलं उत्पादन थांबलं. दरम्यान १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. १९३८ मध्ये कोरोमो गावी नवा कारखाना उभा राहिला आणि तिथे किइचिरोने 'जस्ट इन टाइम' आणलं. अमेरिकेसारखी मोठी गोदामं भरून ठेवायला पैसाच नव्हता. गरिबीतून निघालेली ही कल्पना!

मग युद्ध आलं आणि सगळी घडी विस्कटली. युद्धानंतर १९४९ मध्ये सरकारी काटकसरीमुळे बाजारातला पैसाच आटला. गाड्या विकल्या जाईनात, विकलेल्यांचे पैसे येईनात. डिसेंबरात कामगार संघटनेशी समझोता झाला : पगार १० टक्के कमी, पण कोणालाही काढणार नाही. मदतीला आलेल्या बँकांना मात्र माणसं कमी हवी होती. १९५० च्या एप्रिलपासून जवळजवळ दोन महिने संप चालला. शेवटी दीड हजारांहून जास्त कामगारांना घरी जावं लागलं. दिलेला शब्द मोडला, तेव्हा मी तरी खुर्चीवर कसा बसू, असा किइचिरोचा हिशोब होता. जूनमध्ये त्याने अध्यक्षपद सोडलं.

आणि दैव बघा! त्याच महिन्यात, २५ जूनला कोरियाचं युद्ध पेटलं. अमेरिकन लष्कराला ट्रक हवे होते, जवळचा कारखाना टोयोटाचा. ऑर्डरी आल्या आणि कंपनी वाचली. किइचिरोला परत बोलवायचं ठरत होतं, पण २७ मार्च १९५२ रोजी तो गेला. वय अवघं ५७.

पुढचं त्याने काहीच पाहिलं नाही. १९५५ ची क्राउन पाहिली नाही. ती १९५७ मध्ये अमेरिकेत नेली, तर तिथल्या हायवेवर धापा टाकायला लागली, हेही पाहिलं नाही (बरंच झालं म्हणा!). चुलतभाऊ एइजी आणि इंजिनिअर ताइची ओनो यांनी 'जस्ट इन टाइम' पक्कं केलं. वडिलांच्या मागाचं 'बिघडलं की थांब' हे तत्त्व गाड्यांच्या लाइनवर आलं. १९९७ मध्ये ही कंपनी आपल्या किर्लोस्करांशी भागीदारी करून बंगळुरूजवळ बिडदीला पोचली. आणि २००८ मध्ये टोयोटाने सुमारे ८९.७ लाख गाड्या विकल्या, जीएमने ८३.५ लाख. १९३१ पासून ७७ वर्षं सांभाळलेला पहिला नंबर गेला, तोही ज्याची गाडी खोलून शिकले त्याचाच!

मार्केट शेअरचे आलेख आपण सेमिनारमध्ये रंगीत स्लाइडवर दाखवतो. त्या रेघेच्या अगदी डाव्या टोकाला, जिथे आकडा शून्याला चिकटलेला असतो, तिथे वाया गेलेले ब्लॉक असतात, घरी पाठवलेले कामगार असतात आणि त्यांच्यामागोमाग स्वतः बाहेर पडलेला एक इंजिनिअर असतो. पाच मार्कांच्या उत्तरात तो मावत नाही, म्हणून इथे लिहिलं.