नारायणीयकार मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी

केरळ ही आद्य शंकराचार्यांची जन्मभूमी. याच भूमीत तिरुनावाया क्षेत्राजवळ, मेल्पत्तूर या नंबुद्री घराण्यात इ. स. १५६० च्या सुमारास नारायण भट्टतिरींचा जन्म झाला. वडील मातृदत्त हे व्युत्पन्न पंडित होते. त्यांच्यापाशी मीमांसा, वडील बंधू दामोदर यांच्यापाशी तर्कशास्त्र व अच्युत पिषारटी यांच्यापाशी व्याकरण असे त्यांचे अध्ययन झाले. पिषारटी हे ज्योतिष व गणित या शास्त्रांतील मोठे अधिकारी पुरुष होते.

परंपरा सांगते की, तारुण्याच्या भरात भट्टतिरींचे अध्ययनाकडे व नित्यकर्माकडे दुर्लक्ष झाले होते. पिषारटींनी त्यांची कानउघाडणी केली, आणि तेव्हापासून ते विद्येला जे चिकटले ते अल्पावधीत प्रकांड पंडित झाले. पुढे गुरूंना वातरोगाने ग्रासले. गुरूंचे हाल शिष्याला पाहवेनात. गुरुदक्षिणा म्हणून तो रोग त्यांनी आपल्या अंगावर घेतला, अशी श्रद्धा आहे. पंचविशी नुकतीच उलटलेली. बुद्धी तल्लख, पण हातपाय लुळे पडलेले. उठणे-बसणेही परस्वाधीन झाले.

रोग हटेना, तेव्हा त्यांनी मल्याळी भाषेचे थोर कवी एळुत्तच्छन यांच्याकडे उपाय विचारण्यास माणूस धाडला. मासळीपासून आरंभ करावा, असा निरोप आला. शाकाहारी ब्राह्मणाला असा निरोप! घरची मंडळी चपापली. भट्टतिरींना मात्र खूण पटली. मत्स्यापासून सुरू होणारे भगवंताचे अवतार गावेत, हा त्यातील भावार्थ होता.

मग आप्तांनी त्यांना गुरुवायूरला नेले. देवगुरू बृहस्पती व वायू यांनी येथे श्रीकृष्णाची स्थापना केली म्हणून हे गुरुवायूर. वाताने पीडलेला भक्त वायूने स्थापिलेल्या देवाच्या दारी आला. मंदिरातील एका ओट्यावर बसून त्यांनी स्तोत्र रचण्यास प्रारंभ केला. रोज एक दशक, असा शंभर दिवसांचा नेम. भागवताचे अठरा सहस्र श्लोक त्यांनी शंभर दशकांत, हजाराहून थोड्या अधिक श्लोकांत आणले. कथा सांगायची ती प्रत्यक्ष देवालाच, आणि दशक संपताना व्याधीतून सोडविण्याची विनवणी करायची. हेच ते नारायणीय होय.

शंभराव्या दिवशी त्यांना वेणुधारी बालकृष्णाचे दर्शन घडले व शरीर निरोगी झाले, असे भाविक मानतात. शेवटच्या दशकात त्या रूपाचे केसांपासून चरणांपर्यंत वर्णन आहे. ग्रंथाची अखेर आयुष्य, आरोग्य व सौख्य यांच्या मागणीने होते. अक्षरांना अंक देण्याच्या कटपयादि पद्धतीने तीच अक्षरे मोजली, तर कलियुगाचा १७,१२,२१० वा दिवस निघतो. तो इ. स. १५८६ मध्ये येतो. रोग्याने मागणे मागितले, आणि पंडिताने त्यातच तिथी नोंदवली!

देह बरा झाला, तरी विद्येचा ताठा उरला होता. पून्तानम् नावाच्या भाविक कवीने आपली मल्याळी रचना तपासण्यास दिली असता भट्टतिरींनी ती हेटाळली. तेव्हा यांच्या विभक्तीपेक्षा त्या भोळ्याची भक्तीच आपल्याला अधिक प्रिय असल्याचे देवाने सुचविले, अशी आख्यायिका आहे. भट्टतिरींनी पून्तानम् यांची क्षमा मागितली. अंगीचा रोग जाण्यास शंभर दिवस लागले. मनीचा रोग जाण्यास असा भक्त भेटावा लागला.

लाभलेले आयुष्य त्यांनी वाया घालविले नाही. अंबलप्पुळा येथील राजा देवनारायण याच्या आश्रयाने त्यांनी १६१६ च्या सुमारास प्रक्रियासर्वस्व हा पाणिनीय व्याकरणावरील मोठा ग्रंथ सिद्ध केला. गुरू पिषारटी १६२१ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्यावरील शोकश्लोकही याच शिष्याने रचला. अंथरुणाला खिळलेल्या त्या तरुणाने पुढे तीन तपांहून अधिक काळ सरस्वतीची सेवा केली.

३० नोव्हेंबर १९७० रोजी गुरुवायूरच्या मंदिरास भीषण आग लागली. गर्भगृह मात्र बचावले. भक्तांनी उरलेले मंदिर पुन्हा उभारले. भट्टतिरींच्या आयुष्याचेही तसेच झाले. देह ढासळला, पण गाभाऱ्यातील देव हलला नव्हता. म्हणूनच भोवतालचे सारे पुन्हा उभे राहू शकले. जीर्णोद्धाराचे मर्म याहून वेगळे ते काय!

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥