ल्युसी विल्स यांचा आपण अर्धाच घेतलेला धडा

देशातील कोणत्याही आरोग्य उपकेंद्रात गर्भवती स्त्रीच्या हाती एक लाल गोळी दिली जाते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. किमान सहा महिने रोज एक घ्यावी, असा शासनाचा आग्रह असतो. यांतील लोहाचे गुण जुन्या वैद्यांनाही ठाऊक होते. फॉलिक आम्ल, म्हणजे ‘ब’ गटातील नववे जीवनसत्त्व, मात्र विसाव्या शतकात हाती आले, आणि त्याच्या शोधाची वाट मुंबईतील परळमधून गेली. ती ज्यांनी प्रथम चालून दाखविली त्या ल्युसी विल्स यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात मानाने घेतले जाते. रक्तक्षय आणि हिवताप या दोन्ही व्याधींशी झुंजणाऱ्या आपल्या देशाने त्यांचे चरित्र पुन्हा वाचावे असे मला वाटते, कारण त्यांनी दिलेल्या धड्याचा अर्धाच भाग आपण घेतला आहे.

विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. मुलींना विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्या मोजक्या शाळांपैकी चेल्टनहॅम येथील शाळेत त्या शिकल्या. १९११ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र हे विषय घेऊन त्या उत्तीर्ण झाल्या, परंतु पदवी मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडले. वडील आणि बहीण यांचे मृत्यू थोड्या अंतराने झाले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या आणि केपटाऊनमध्ये काही आठवडे त्यांनी रुग्णशुश्रूषा केली. परतल्यावर १९१५ मध्ये लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांचे वय ३२ होते. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयात विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा पत्करली.

१९२८ मध्ये त्या मुंबईस आल्या. भारतातील स्त्रियांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्यांना बोलावून घेतले होते. बाळंतपणात स्त्रिया का दगावतात, याची चौकशी परळच्या हाफकिन संस्थेत सुरू होती. ज्या वर्षी गिरणी कामगारांच्या संपाने मुंबई अनेक महिने हादरली, तेच हे वर्ष. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांमध्ये गरोदरपणी एक उग्र रक्तक्षय दिसे. तांबड्या रक्तपेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या आणि अपरिपक्व असत. सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र पाश्चात्त्य वैद्यकाला परिचित असलेल्या घातक रक्तक्षयासारखे होते. फरक होता तो रुग्णाच्या एकूण अवस्थेत. त्या रोगात जठरातील आम्ल नाहीसे होते आणि मज्जातंतू बिघडतात. या स्त्रियांमध्ये तसे आढळत नव्हते.

विल्स यांच्यापुढे प्रश्न होता तो असा: हा रोग बाहेरून शिरलेल्या जंतूंचा, की ताटात नसलेल्या अन्नाचा? त्या काळी जंतुशास्त्राचा दबदबा एवढा होता की संसर्गाचा विचार आधी होणे स्वाभाविक होते. तो विचार त्यांनी केला आणि पुरावा न मिळाल्यावर बाजूला ठेवला. मग निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात, कशा राहतात, याची पाहणी केली. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांवर मेहता, तळपदे अशा भारतीय सहकाऱ्यांची नावे आहेत. निष्कर्ष स्पष्ट होता. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट त्या गरीब मुसलमान स्त्रियांमध्ये या रक्तक्षयाचे प्रमाण सर्वाधिक होते.

त्यानंतर त्या कुन्नूरला गेल्या. तेथील पाश्चर संस्थेत रॉबर्ट मॅककॅरिसन यांचे पोषणविषयक संशोधन चालू होते. विल्स यांनी पांढऱ्या उंदरांना मुंबईतील त्या स्त्रियांच्या आहारासारखे अन्न दिले. गाभण माद्यांना रक्तक्षय झाला, कित्येक व्यायच्या आधीच मेल्या; अन्नात यीस्ट मिसळले की मात्र वाचत. एखाद्या उतावळ्या संशोधकाने येथेच विजयाची घोषणा केली असती. परंतु उंदरांना उवा झाल्या होत्या, आणि रक्तक्षय आहाराचा की उवांमुळे झालेल्या संसर्गाचा, याविषयी शंका घेण्यास जागा उरली. म्हणून तोच प्रयोग माकडांवर पुन्हा करण्यात आला. विल्स यांच्या चरित्रातील हा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उपासमार आणि संसर्ग हे एकाच रक्तात एकमेकांचा वेश घेऊन वावरतात, आणि त्यांना वेगळे ओळखल्याशिवाय उपचाराचे श्रेय कोणालाच देता येत नाही, हे त्यातून दिसते.

उपचाराचा शोधही असाच पायरी पायरीने झाला. अ आणि क जीवनसत्त्वांचा उपयोग झाला नाही. काळजाच्या अर्काचा झाला, पण तो गरिबाला परवडण्याजोगा नव्हता. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून केलेला मार्माईट नावाचा काळपट, खारट अर्क इंग्लंडात पावाला लावून खात. तो स्वस्त होता आणि त्याने या स्त्रियांचे रक्त झपाट्याने सुधारले. हे निष्कर्ष १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. घातक रक्तक्षयावर चालणारा काळजाचा शुद्ध केलेला अर्क या स्त्रियांवर मात्र चालत नव्हता. यावरून त्यांनी अनुमान काढले की यीस्टमध्ये आणि काळजात आणखी एक, तोवर अज्ञात असलेला घटक आहे. पुढे काही वर्षे तो विल्स यांच्याच नावाने ओळखला गेला.

१९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील संशोधकांनी पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे केले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव दिले. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत त्याची कृत्रिम निर्मिती झाली. त्या संशोधनाचे नेतृत्व भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. ज्यांचे दोन भाऊ स्प्रू या आतड्यांच्या विकाराने काही दिवसांच्या अंतराने गेले, त्या सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली त्याच विकारातील रक्तक्षयावर उपयोगी पडणारे द्रव्य तयार व्हावे, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल. मुंबईच्या गिरणगावात सुरू झालेली वाट अशा रीतीने एका आंध्र वैज्ञानिकापर्यंत पोहोचली.

विल्स १९३३ मध्ये लंडनला परतल्या. १९३७ मध्ये पुन्हा काही आठवडे हाफकिन संस्थेत काम करून गेल्या. दुसऱ्या महायुद्धात, गरोदर स्त्रियांना लोह दिल्याने काय साधते याचा त्यांचा अभ्यास चालू असताना, जुलै १९४४ मध्ये प्रयोगशाळेवर जर्मनांचा उडता बॉम्ब येऊन पडला. काम काही दिवसच थांबले. निवृत्तीनंतरही जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिका येथे त्या पोषणाचा अभ्यास करत राहिल्या आणि अखेरच्या वर्षांत चेल्सी येथे मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या स्त्रियांपुरते उत्तर आहार असे होते. पण जेथे घरोघरी हिवताप आहे तेथे उत्तर इतके सरळ राहत नाही. विल्स परतल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, शेजारच्या सिलोनमध्ये पाऊस हुकला. नद्या आटून त्यांची डबकी झाली, त्यांत डास माजले आणि हिवतापाची भयंकर साथ उसळली. काही महिन्यांत सुमारे ८०,००० माणसे मेली. सूर्यमल चळवळीचे तरुण कार्यकर्ते गावोगाव औषधाबरोबर मार्माईटही घेऊन गेले. उपाशी देहात नुसते क्विनाईन पुरे पडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्याआधी पंजाबातील १९०८ च्या साथीचा अभ्यास करताना ख्रिस्टोफर्स या अधिकाऱ्याने हिवतापाच्या मृत्यूंचा संबंध केवळ पावसाशी नव्हे, तर धान्याच्या चढलेल्या भावांशीही जोडून दाखवला होता.

यामागचे कारण आता बरेच उलगडले आहे. हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरतो, तेथे वाढतो आणि तिला फोडून बाहेर पडतो. झालेली तूट भरून काढण्यासाठी अस्थिमज्जेला घाईने नव्या पेशी घडवाव्या लागतात आणि प्रत्येक नव्या पेशीसाठी फॉलिक आम्ल खर्ची पडते. गर्भवतीच्या शरीरात गर्भाचीही मागणी असतेच. म्हणजे जेमतेम खाणाऱ्या स्त्रीला वारंवार हिवताप झाला, तर ताटात बदल न होताही तिला या जीवनसत्त्वाची तूट जाणवू लागते.

पण व्यवहार एवढ्यावर संपत नाही. वाढण्यासाठी परजीवीलाही फोलेट हवे असते. माणसाला ते अन्नातूनच घ्यावे लागते. परजीवी मात्र ते स्वतः तयार करतो, शिवाय आयते मिळाले तर तेही वापरू शकतो. सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामाइन ही औषधे परजीवीची फोलेट घडवण्याची आणि वापरण्याची साखळी दोन ठिकाणी तोडतात. आपल्याकडे ईशान्येकडील राज्ये वगळता फॅल्सिपेरम हिवतापावर आर्टेसुनेटच्या जोडीने हीच औषधे दिली जात आली आहेत. फॉलिक आम्लाची मात्रा फार मोठी असेल तर त्यांचा प्रभाव उणावतो, असे आफ्रिकेतील चाचण्यांत दिसून आले. शासकीय गोळीतील ५०० मायक्रोग्रॅम ही मात्रा माफक आहे आणि तिच्याविषयी भय बाळगण्याचे कारण नाही. पण औषधाच्या दुकानांत सर्रास मिळणारी ५ मिलिग्रॅमची गोळी त्याच्या दहापट असते. हिवतापाच्या रुग्णाला ती देण्यापूर्वी डॉक्टरने विचार करायला हवा.

लहान मुलांबाबतचा अनुभव अधिक गंभीर होता. झांझिबारमधील पेंबा बेटावर हिवताप बाराही महिने असे. तेथे तीन वर्षांखालील मुलांना रोज लोह आणि फॉलिक आम्ल देण्याची मोठी चाचणी मुलांमधील गंभीर आजार आणि मृत्यू वाढल्याने २००३ मध्ये मध्येच थांबवावी लागली. २००६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर खळबळ उडाली. त्याच चाचणीच्या एका लहान भागात मात्र मुलांची रक्ततपासणी होत होती आणि हिवताप आढळला की उपचार मिळत होते. तेथे लोहाची कमतरता असलेल्या मुलांना गोळीचा लाभच झाला. तात्पर्य असे की घातक ठरली ती केवळ गोळी नव्हे, तर तपासणी आणि उपचार यांच्या सोबतीविना वाटलेली गोळी. हिवतापग्रस्त प्रदेशात लोह द्यायचे तर हिवतापाचा प्रतिबंध, निदान आणि उपचार यांची जोड असलीच पाहिजे, असे जागतिक आरोग्य संघटना आता सांगते.

आपल्याकडे रक्तक्षयाचा कार्यक्रम एका विभागाकडे आहे आणि हिवतापाचा दुसऱ्याकडे. एकाचे यश वाटलेल्या गोळ्यांवर मोजले जाते, दुसऱ्याचे तपासलेल्या रक्तनमुन्यांवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५७ टक्के झाले. इतक्या वर्षांच्या गोळीवाटपानंतर हा आकडा वाढावा, याचा दोष केवळ गोळ्या न गिळणाऱ्या स्त्रियांवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, आणि ओडिशा, छत्तीसगड, झारखंड, ईशान्येचे डोंगर किंवा महाराष्ट्रातील गडचिरोली येथे त्यांत हिवताप धरावाच लागतो. तेथील अनेकांच्या रक्तात ताप न येताही परजीवी राहतो. अशा स्त्रीला गोळी मिळते, तपासणी मिळत नाही. आणि रक्त वाढले नाही की आणखी गोळी मिळते.

२०३० पर्यंत देशातून हिवतापाचे उच्चाटन करण्याचे आपले ध्येय आहे, आणि रुग्णसंख्या गेल्या काही वर्षांत खूप घटली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण उरलेला हिवताप जंगलात आणि डोंगरात आहे, म्हणजे जेथे ताट सर्वांत रिकामे आहे तेथेच. या जिल्ह्यांपुरती तरी दोन्ही कार्यक्रमांची नोंदवही एक करणे कठीण नाही. बोटातून रक्ताचा एक थेंब काढून पंधरा-वीस मिनिटांत हिवतापाचे निदान करणारी चाचणी गावातल्या आशाताईंना येते. गोळ्यांचे पाकीट देणाऱ्याही त्याच आहेत. गर्भवतीची नोंद होताच, आणि गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तेव्हा, ती चाचणी व्हावी. मच्छरदाणी त्याच भेटीत मिळावी. आणि डाळ, अंडी, पालेभाजी यांची सोय अंगणवाडीने करावी. यासाठी नव्या यंत्रणेची गरज नाही. दोन अधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसण्याची मात्र आहे.

परळच्या प्रयोगशाळेतून आपण गोळी घेतली. ती लाखो स्त्रियांच्या उपयोगी पडली आणि पडत राहील. ती बंद करावी असे कोणीही सुचवू नये. परंतु विल्स यांनी मुंबईत आधी रोगाचे कारण शोधले आणि मग उपाय. उवांची शंका येताच कुन्नूरचा प्रयोग पुन्हा करण्यात आला. रक्तक्षयाच्या प्रत्येक रुग्णाला एकच गोळी देऊन पुढच्या घरी जाणाऱ्या व्यवस्थेने त्यांच्याकडून हा अर्धा धडा अजून घ्यायचा आहे.