मित्सुओ फुचिदा : एका वैमानिकाचे चरित्र

मित्सुओ फुचिदा ह्याचा जन्म ३ डिसेंबर १९०२ रोजी जपानातील नारा प्रांतात झाला. १९२१ साली तो एताजिमा येथील आरमारी विद्यालयात दाखल झाला. पुढे विमानविद्येत त्याने असे प्रावीण्य मिळवले की, १९३९ साली अकागी ह्या विमानवाहू नौकेवरील विमानदलाचे प्रमुखपद त्यास लाभले.

७ डिसेंबर १९४१ ह्या रविवारी सकाळी अमेरिकेच्या पर्ल हार्बर बंदरावर जपानने अकस्मात हल्ला केला. त्याचा अग्रणी फुचिदा होता. पहिल्या तुकडीत १८३ विमाने होती. त्या दिवशी २,४०३ अमेरिकन प्राणास मुकले. जपानात त्याचा मोठा गौरव झाला, व प्रत्यक्ष बादशहापुढे वृत्तान्त निवेदन करण्याचा मान त्यास मिळाला. पुढील वर्षी ५ एप्रिलला, प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणादिवशीच, त्याच्या विमानांनी कोलंबोवर बाँब टाकले. त्या दिवसांत आपल्या देशातही मद्रासचे हजारो लोक भयाने शहर सोडून गेले. जून १९४२ मधील मिडवेच्या लढाईत अकागी जळाली, आणि फुचिदा पाय मोडून कसाबसा वाचला.

१९४५ साली जपानने शरणागती पत्करली. आरमार मोडले, मानमरातब गेला. फुचिदा गावी परतून शेती करू लागला. परंतु त्याचे मन कडवट झाले होते. जेत्यांनीही आपल्या कैद्यांचा छळ केला असलाच पाहिजे, अशा समजुतीने तो परत आलेल्या जपानी कैद्यांकडे चौकशी करू लागला. तेव्हा एका जुन्या सोबत्याने त्यास निराळीच हकीकत सांगितली. अमेरिकेत मार्गारेट कॉव्हेल नावाची एक तरुणी जपानी कैद्यांची मनोभावे सेवा करीत असे. तिच्या मिशनरी आईबापांना १९४३ साली फिलिपिन्स बेटांत जपानी सैनिकांनी ठार केले होते! सूड हेच कर्तव्य मानणाऱ्या फुचिदास ह्याचा उलगडा होईना.

१९४८ साली टोकियोच्या शिबुया स्थानकावर त्याच्या हाती एक पत्रक पडले. जपानवर बाँब टाकून कैदेत पडलेला, आणि कोठडीत पवित्र शास्त्र वाचून वैर विसरलेला अमेरिकन सैनिक जेकब डीशेझर ह्याची ती साक्ष होती. फुचिदाने नवा करार मिळवला. लूककृत शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात, वधस्तंभावरील प्रभूने आपल्या मारेकऱ्यांसाठी केलेली विनंती त्याने वाचली, आणि त्या तरुणीच्या सेवेचे मूळ त्यास सापडले. १९४९ साली त्याने ख्रिस्ताचा स्वीकार केला. पुढल्या वर्षी तो व डीशेझर, एकेकाळचे शत्रू, बंधू म्हणून भेटले.

त्यानंतर त्याने जपानात व अमेरिकेतही सुवार्ता सांगितली. काही जुन्या सोबत्यांनी त्यास दूषणे दिली. युद्धाविषयीची त्याची काही कथने खरी नव्हती, असे इतिहासकारांनी पुढे दाखवले. म्हणून त्यास निर्दोष पुरुष समजण्याचे कारण नाही. ३० मे १९७६ रोजी त्याचे निधन झाले.

ज्यास आरमारांचा पराभव नमवू शकला नाही, त्यास एका अनाथ मुलीची सेवा विचारात पाडू शकली. आपल्या खानदेशात शेताच्या बांधावरून भाऊ भावाशी बोलत नाही, आणि धुळ्या-जळगावच्या कोर्टांत दावे वर्षानुवर्षे चालतात. अशा घरी आजारपणात भाकरीचे गाठोडे घेऊन जाणारा कोणी निघेल काय? वाचकहो, पहिले पाऊल नेहमी ज्याचे नुकसान झाले त्यालाच टाकावे लागते.